उघड्यावर बसून जलरंगात निसर्गचित्र: पहिला ब्रश उचलणाऱ्यांसाठी

दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली वाकडीतिकडी नदी आणि कोपऱ्यात एक घर. हे चित्र आपल्याकडे शाळेत बहुतेकांनी काढलेलं असतं. मोठेपणी घाटावर किंवा शेताच्या बांधावर कागद घेऊन बसलं, की हात पुन्हा तिकडेच वळतो. समोर खरा आंबा उभा असतो आणि कागदावर मात्र डोक्यातलं झाड उतरतं: तपकिरी दांडा, वर हिरवा गोळा. वास्तववादी चित्रकाराची बरीच वर्षं या एका सवयीशी भांडण्यात जातात.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून (स्थापना १८५७) इथे रुजलेल्या वास्तववादाबद्दल एक गैरसमज पक्का आहे, तो म्हणजे वास्तववादी चित्रात पानन्पान दिसायला हवं. जुन्यांची निसर्गचित्रं जवळ जाऊन पाहिली तर झाडाच्या जागी रंगाचे दोन-तीन डागच दिसतात. चार पावलं मागे आलं की त्याच डागांचं झाड होतं, कारण त्यांची गडदता एकमेकांच्या तुलनेत बरोबर असते. या गडद-फिकटपणाला चित्रकार 'टोन' म्हणतात. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र तगतं, टोन चुकला की बसतं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

सामान

कागदात काटकसर करू नका. रंग साधे चालतील, ब्रश दोनच असले तरी चालेल, पण शाळेतल्या ड्रॉइंग पेपरवर जलरंग शिकता येत नाही. पाणी पडताच तो फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि दुसरा हात दिला की पृष्ठभाग सोलवटून निघतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), किंचित खरखरीत (दुकानात 'कोल्ड प्रेस' म्हणून मागायचा) आणि जमल्यास पूर्ण कापसाचा कागद घ्या. इम्पीरियल शीट २२ × ३० इंचांची असते. सुरुवातीला तिचे आठ तुकडे करा, म्हणजे ७.५ × ११ इंचांचा कागद हाती येतो. हात बसला की चार तुकडे करायचे. नवख्याने पहिल्याच दिवशी अर्धी शीट लावली, की आकाश संपेपर्यंत डोंगराकडचा कागद वाळून गेलेला असतो.

रंग सात पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, व्हर्मिलियन, क्रिमसन, कोबाल्ट ब्लू आणि अल्ट्रामरीन. क्रिमसनची ट्यूब घेताना मागे छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३ असेल तर तो उजेडात उडतो. पीव्ही १९ असलेला टिकतो. पांढरा आणि काळा सध्या डब्यातच राहू द्या. सॅप ग्रीनही काही महिने नको, त्याचं कारण पुढे येईल.

ब्रश: १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि एक इंची चपटा. गोल ब्रश दुकानातच पाण्यात बुडवून एकदा झटकून बघा. टोक आपोआप जुळलं पाहिजे. काम करताना ब्रश पाण्याच्या डब्यात उलटा उभा ठेवू नका. टोक कायमचं वाकतं आणि केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या आतला डिंक सुटतो.

पॅलेट पांढरंच हवं. स्टीलच्या ताटलीत रंग किती गडद आहे ते कळत नाही, त्यापेक्षा पांढरी मेलामाइनची ताटली बरी. शिवाय दोन लिटर पाणी, दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा), २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, कागद बोर्डाला चिकटवायला एक इंची मास्किंग टेप, प्लायचा बोर्ड, जुन्या सुती धोतराचं किंवा ओढणीचं फडकं, टोपी आणि घडीचं स्टूल. छत्री लागलीच तर काळी घ्या. लाल किंवा निळ्या छत्रीखाली सगळा कागदच त्या रंगाचा दिसतो. भडक लाल शर्टाचीही झाक ओल्या कागदावर पडते.

जागा आणि वेळ

नवखे देखावा शोधतात. शोधायचा असतो उजेड. साधी गोठ्याची भिंत सकाळी आठ वाजता तिरप्या उन्हात चित्र होते, आणि तीच भिंत दुपारी बाराला नुसती भिंत असते. हिवाळ्यात सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सूर्यास्त या वेळा उत्तम. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावल्या पायांखाली गोळा होतात आणि आकारांना जाडी उरत नाही.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. याचा हिशेब असा, की दीड तासात तुमच्या चित्रातली सावली जागा सोडून गेलेली असते. म्हणून बसल्यापासून उठेपर्यंत नव्वद मिनिटं धरा.

सावलीत बसा आणि कागदही सावलीत ठेवा. कागदावर थेट ऊन पडलं तर रंग आहे त्यापेक्षा फिकट वाटतो, मग तुम्ही आणखी गडद लावता, आणि घरी आणल्यावर चित्र कोळशासारखं दिसतं. गॉगल काढून ठेवा. देवळाच्या आवारात किंवा संरक्षित वास्तूत स्टँड लावण्याआधी पुजाऱ्यांना किंवा पहारेकऱ्यांना विचारा. मागे माणसं जमतील, कुणीतरी 'माझं काढा की' म्हणेल. पाठीशी भिंत किंवा झाड येईल असं बसलं की गर्दी निम्मी होते.

पहिली पंचवीस मिनिटं: रंगाला हात नाही

वाईच्या घाटासारखी जागा धरू: काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर देवळाचं शिखर, कडेला पिंपळ, खाली कृष्णेचं पाणी, मागे डोंगर.

एका पुठ्ठ्यात ५.५ × ७.५ सेंटिमीटरची खिडकी कापून आणलेली असावी. तिचं प्रमाण पाव शीटच्या ११ × १५ इंचांशी तंतोतंत जुळतं आणि आठव्या भागालाही जवळपास चालतं. एक डोळा मिटून तिच्यातून पाहा. घाट, देऊळ, पिंपळ, नाव, धुणं धुणाऱ्या बायका, सगळंच घ्यावंसं वाटेल. एकच मुख्य ठेवा आणि बाकीच्यांना त्याच्या सोयीने बसवा.

मग वहीत काडेपेटीएवढे तीन चौकोन काढा. प्रत्येकात डोळे किलकिले करून दिसणारे फक्त तीन टोन पेन्सिलने भरा: कोरा कागद, मधला, गडद. प्रत्येकाला दोन मिनिटं. ज्यात गडद भाग एकमेकांना धरून एकच आकार होतो, तो चौकोन निवडा. वहीत उजेडाचा बाण काढा आणि वेळ लिहा. यापुढे समोरची सावली कुठेही सरको, तुमची सावली बाणाप्रमाणेच राहील. हे पथ्य मोडणाऱ्याच्या चित्रात देवळाची सावली डावीकडे आणि झाडाची उजवीकडे पडते.

आता रेखाटन. सगळ्यात आधी नजरेची पातळी आखा. बसल्यावर डोळे ज्या उंचीला येतात, ती आडवी रेष. घाटावर तिच्यामुळे एक फार साधी गोष्ट कळते: पातळीच्या खालच्या पायऱ्यांचा वरचा पृष्ठभाग दिसतो आणि जितकी पायरी खाली तितकी ही पट्टी रुंद होते. पातळीच्या बरोबरीच्या पायरीची पट्टी उरतच नाही. त्याहून वरच्या पायऱ्यांच्या फक्त उभ्या बाजू दिसतात. नवखे सगळ्या पायऱ्या सारख्या अंतराने आखतात, त्यामुळे घाटाऐवजी शिडी तयार होते. म्हणून आधी पट्ट्यांची जाडी मोजा: हात सरळ ताणून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, अंगठ्याने खूण करा. कोपर वाकलं की माप बदललं.

पेन्सिल हलकी चालवा. खोडरबर जोरात घासलं तर कागदावरचा सरसाचा थर निघतो आणि तिथे नंतर रंग काळपट शोषला जातो. पंधरा मिनिटांत जे आखून होत नाही, ते चित्रात नको.

रंग: हलक्याकडून गडदाकडे

किती पाण्यात किती रंग, हे कुठल्याही मापात सांगता येत नाही, म्हणून स्वयंपाकघरातली भाषा वापरू. पाणीदार ताक, दूध, पातळ पिठलं, श्रीखंड. आकाश आणि दूरचं सगळं ताकात, मधला भाग दुधात, सावल्या दूध ते पिठल्यात, आणि अगदी शेवटचे चार-दोन ठिपके श्रीखंडात. जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना 'थोडा जास्त झाला' असं वाटलं, तर बहुधा तो बरोबर आहे.

बोर्डाचं वरचं टोक चार बोटं उचला, म्हणजे पाणी खाली ओघळत येईल.

पहिला हात. आठव्या भागाच्या कागदाला आकाशासाठी दोन लहान चमचे तरी रंगपाणी आधीच कालवून ठेवा. मधेच संपलं तर दुसऱ्यांदा तोच रंग जमत नाही. कोबाल्ट ताकाएवढा पातळ, क्षितिजाजवळ येताना त्यात यलो ऑकरचा स्पर्श. चपट्या ब्रशने आडवे पट्टे मारत खाली या आणि न थांबता डोंगर, पायऱ्या, पाणी सगळ्यांवरून हलका उबदार हात फिरवा. फक्त जिथे ऊन थेट पडलंय, ते शिखराची कड, धुतलेलं धोतर, पायऱ्यांच्या काही कडा, तेवढं कोरं. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र अनेकांना तैलचित्र वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. इतकी खोली या माध्यमात येते ती उजेडाची जागा आधीपासून सांभाळल्यामुळे.

आता वाळू द्या. वाळलं का, हे बोटांच्या मागच्या बाजूने तपासा. गार लागलं तर आत ओल आहे.

दुसरा हात. डोंगर: कोबाल्टमध्ये थोडा क्रिमसन आणि नखाएवढा ऑकर, म्हणजे निळा-राखाडी येतो. डोंगराच्या पायथ्याशी नुसतं पाणी लावून कड विरघळवा, सकाळच्या धुक्याचं काम आपोआप होतं. मग देवळाचा आणि घाटाचा मधला टोन. काळ्या पाषाणाला काळा रंग लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी होतो, तोच आपला सह्याद्रीचा दगड. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उन्हातला. पायरीचा वरचा पृष्ठभाग आकाशाचा उजेड घेतो, त्यामुळे 'काळी' पायरी वरून बरीच फिकट असते आणि उभी बाजू गडद. पाण्याने भिजलेल्या खालच्या दोन पायऱ्या सगळ्यात गडद. कोकणात असाल तर जांभ्याला हेच मिश्रण उलटं करा: सिएना भरपूर, व्हर्मिलियनचा स्पर्श, आणि छिद्रांसाठी निळसर ठिपके अगदी मोजके.

तिसरा हात सावल्यांचा, आणि चित्राचा जीव इथे आहे. अल्ट्रामरीन, क्रिमसन आणि चिमूटभर सिएना दुधाहून थोडं दाट कालवा. भरपूर कालवा. देवळाची सावली, तिला चिकटून पिंपळाखालचा अंधार, तिथून पायऱ्यांवर उतरणारी पट्टी, हे सगळं एका ओल्या ओघात, एकदाच. ब्रश उचलला की परत तिथे जाऊ नका. सावलीच्या आत, ती ओली असतानाच, जमिनीजवळ थोडा सिएना सोडा. उन्हातल्या जमिनीवरून उसळलेला उजेड तिथे असतोच. एकेक पायरीची सावली सुटी रंगवली तर तिचे तुकडे पडतात आणि घाट विस्कटतो.

पाण्यातलं प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली येतं, सावली मात्र सूर्याप्रमाणे तिरपी. नवखे दोन्हींची गल्लत करतात. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून जरा फिकट घ्या आणि उजळ वस्तूचं जरा गडद. उभे फटकारे मारा, ओले असताना एक आडवी रेघ कोरड्या ब्रशने पुसून काढा, पाणी सपाट होतं.

शेवटी माणसं. उभं गाजर आणि त्याच्यावर सुटा ठिपका, एवढं पुरतं. डोकं लहान ठेवा, उंचीच्या सुमारे एक अष्टमांश. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल, तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी नजरेच्या पातळीवर येतात, फक्त पाय वर-खाली होतात. स्टुलावर बसलात, तर ती रेष सगळ्यांच्या साधारण छातीतून किंवा पोटातून जाते. मग श्रीखंडाएवढ्या दाट रंगाचे चार-पाच ठिपके: दाराचा कोनाडा, नावेची कड. आणि उठा. यानंतरचा अर्धा तास चित्र सुधारण्याचा वाटतो, पण बहुतेक चित्रं त्याच अर्ध्या तासात मरतात.

हिरव्याचा घोळ

आषाढ-श्रावणात समोर सगळं हिरवंच असतं आणि ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच फासला की प्लॅस्टिकच्या झाडांचं दुकान होतं. म्हणून सुरुवातीला हिरवा स्वतः करा. भाताचं खाचर: लेमन यलो भरपूर, कोबाल्ट थोडा. केळीचं पान: तेच, पण उन्हाविरुद्ध पाहिलं तर आणखी पिवळं. आंबा: अल्ट्रामरीन, ऑकर आणि सिएना, जवळजवळ काळपट. फाल्गुन-चैत्रात आंब्या-पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते, तिथे व्हर्मिलियन आणि सिएना पातळ करून घ्या. लांबचं रान हिरवं असतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण दिसतं मात्र निळसर-राखाडी. जे दिसतं ते लावा. शंका आली तर मूठ अर्धवट मिटून तिच्या भोकातून तेवढाच तुकडा पाहा. आजूबाजूचं झाकलं गेलं की रंग खरा कळतो.

काय बिघडतं आणि का

चिखल होतो, त्याला कारणं तीन: एका मिश्रणात तीनहून अधिक रंग, अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश, आणि गढूळ पाणी. दुसरं कारण सगळ्यात मोठं. कागदाची चकाकी उतरली, पण तो गार लागतोय, अशी मधली वेळ असते. त्या वेळी कागदापासून हात लांब ठेवा. त्यात पाण्याने भरलेला ब्रश टेकला की पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर नेतं आणि फुलकोबीसारखा कातरलेला डाग उमटतो. ढग म्हणून खपला तर ठीक. नाहीतर पूर्ण वाळू द्या आणि मग त्यावर एक गडद आकार बसवता येतो का ते बघा. ओला असताना पुसायला गेलात तर दुप्पट होतो.

मास्किंग फ्लुइडच्या (कागद कोरा राखायला लावतात त्या रबरी द्रवाच्या) फंदात लगेच पडू नका. वापरलंच तर ब्रश आधी साबणात बुडवा, आणि उन्हात तापण्याआधी कागदावरून काढा, नाहीतर ते चिकटून बसतं आणि कागद सोबत घेऊन येतं. टेपही पूर्ण वाळल्यावरच, बाहेरच्या बाजूला तिरकी, सावकाश ओढा.

मोबाइलवरून घरी रंगवू का, असं सगळे विचारतात. टोन तपासायला काळा-पांढरा फोटो उपयोगी आहे. पण मोबाइलचं नेहमीचं भिंग रुंद असतं, त्यात पुढची जमीन पसरते आणि मागचा डोंगर टेकाडाएवढा होतो. सावलीत दिसणारे रंगही फोटोत अनेकदा काळे होऊन जातात. वर्षभर जागेवर बसल्यावर फोटोत काय हरवलंय ते भरून काढता येतं, त्याआधी नाही.

सहा महिने कसे लावायचे

पहिला महिना एकच रंग: बर्न्ट अंबर किंवा सेपिया (वरच्या सातांशिवाय ही एक ट्यूब वेगळी), पोस्टकार्डाएवढे वीस तुकडे. कंटाळा येतो, पण याला पर्याय नाही. दुसरा महिना तीन रंग: ऑकर, सिएना, अल्ट्रामरीन. तिसऱ्यापासून सातही, आणि जागा मात्र एकच. घरापासून चालत जाता येईल अशी. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटीतीर्थ तळ्याच्या परिसरात राहत आणि तिथलंच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या प्रहरी रंगवत. एक तळं सकाळ, दुपार, संध्याकाळ, ढगाळ आणि पावसानंतर असं पाच वेळा रंगवलं, की उजेड वस्तूला काय करतो हे डोळ्यांना पटतं. पाच गावं फिरून ते पटत नाही.

पावसाळ्यात काम थांबवायचं कारण नाही, पडवीत बसा. मात्र एरवी पाच-आठ मिनिटांत वाळणारा थर आता अर्धा तास घेतो. त्या ओलीशी झगडण्यापेक्षा ओल्यावरच काम करा, एकाच थरात संपवा. प्र. अ. धोंड (१९०८–२००१) यांची कोकणातल्या समुद्राची चित्रं पाहिलीत तर ओला कागद आणि मोजके फटकारे किती पुरतात ते कळेल.

मूळ चित्रं पाहायला मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय आणि साताऱ्याजवळ औंधचं श्री भवानी संग्रहालय, तिन्ही ठिकाणी जा. पाहताना वही काढा आणि एखाद्या चित्राचे तीन टोन काडेपेटीच्या चौकोनात उतरवा. छापील प्रतीत कडा कुठे विरघळल्यात ते दिसत नाही.

प्रत्येक चित्रामागे पेन्सिलने तारीख, वेळ, हवा आणि काय चुकलं ते एका ओळीत लिहा. फसलेलीही ठेवा, त्यांची कोरी बाजू सरावाला येते. न वापरलेला कागद पावसाळ्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून भिंतीपासून लांब ठेवा. दमट हवेत कागदावरचा सरस खराब होतो. कागद वरून चांगला दिसतो, पण पहिल्याच आकाशात ठिपके-ठिपके रंग शोषून घेतो. असं होतंय का, हे बसण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो काही क्षण वर टिकला तर कागद ठीक. लगेच आत मुरून काळपट डाग पडला, तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवा.